देशोधडी : कादंबरीतली आणि आजची

मराठीत माणूस 'देशोधडीला लागला' असे म्हणतात, तसेच त्याला 'देशोधडीला लावले' असेही म्हणतात. पहिल्या बोलण्यात करणारा कोणी दिसत नाही. एखादा आजार लागावा तशी देशोधडी माणसाला लागते. दुसऱ्या बोलण्यात लावणारा कोणीतरी असतो आणि त्याचे नाव विचारता येते. निर्वासितांविषयीच्या बातम्या बहुधा पहिल्या भाषेत लिहिल्या जातात. युद्ध पेटते, पाऊस दगा देतो, आणि माणसांचे लोंढे वाहू लागतात. लोंढा हा शब्दच पाण्याचा आहे. त्याला चेहरा नसतो, आणि त्याच्या पाठीमागे कोणाचा हात आहे हे कोणी पाहत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या मोजणीप्रमाणे २०२४ सालाच्या अखेरीस जगात सक्तीने घरदार सोडावे लागलेल्यांची संख्या सुमारे १२ कोटी ३० लाख होती. त्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे स्वतःच्याच देशाच्या सीमेत विस्थापित झालेली होती. आणि जे सीमेपार गेले, त्यांच्यातल्या बहुसंख्यांना आसरा दिला तो गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांनी. आकडा प्रचंड आहे, म्हणूनच तो मनाला भिडत नाही. एक घर कसे मोडते, ते मोडताना कोणाचा फायदा होतो आणि मोडलेल्या घरातली माणसे पुढे कोणाच्या हाती सापडतात, हे समजण्यासाठी कादंबरीकडे वळावे लागते. विसाव्या शतकातल्या दोन कादंबऱ्या या कामी विशेष उपयोगी पडतात. एक जमीन हिरावलेल्यांची आहे, दुसरी कागद हिरावलेल्यांची. आजच्या निर्वासिताची स्थिती ध्यानात यायची असेल तर या दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून वाचाव्या लागतात.

पहिली कादंबरी जॉन स्टाइनबेक याची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ'. ती १९३९ साली प्रसिद्ध झाली. ओक्लाहोमातील जोड हे कुळाने शेती करणारे कुटुंब. दुसरा मुलगा टॉम तुरुंगातून सुटून घरी येतो तो घर ओस पडलेले, एका कोपऱ्याने ढासळलेले. ट्रॅक्टरने त्याला धक्का देऊन पायावरून हलवले आहे. घरातली माणसे चुलत्याकडे गोळा होऊन कॅलिफोर्नियाला निघण्याच्या तयारीत आहेत. जुनी मोटार कापून तिचा ट्रक केला आहे आणि त्यावर तेरा माणसांचे बिऱ्हाड चढणार आहे.

या उजाडपणाचे कारण सर्वसाधारणपणे धुळीची वादळे असे सांगितले जाते. ती वादळे खरीच होती; १४ एप्रिल १९३५ च्या वादळाने भर दिवसा काळोख केला होता. परंतु स्टाइनबेक तेवढ्यावर थांबत नाही. कुळांना धूळ हाकलून देत नाही. हाकलून देतात ते जमीनमालकाचे प्रतिनिधी आणि त्यांच्यामागे उभी असलेली बँक. एक ट्रॅक्टर बारा-चौदा कुटुंबांचे काम करतो, म्हणून ती कुटुंबे अनावश्यक ठरतात. इतिहासही याला दुजोरा देतो. १९३३ च्या शेतीविषयक कायद्याने अमेरिकी सरकारने पेरा कमी करण्याबद्दल पैसे देऊ केले. कायद्यातील तरतुदी काहीही असोत, दक्षिणेत त्यातला मोठा वाटा जमीनमालकांच्या पदरी पडला आणि पेरा कमी झालेल्या जमिनीवरची कुळे रस्त्यावर आली. दुष्काळ निसर्गाने आणला. दुष्काळातून कोणी सुटावे आणि कोणी बुडावे, हे मात्र मालकीहक्काने ठरवले.

कादंबरीतील एक प्रसंग कार्यकर्त्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे. ट्रॅक्टर चालवणारा पोरगा शेजारच्याच घरातला निघतो. रोज तीन डॉलर मिळतात, घरी लेकरे आहेत, म्हणून तो हे काम करतो. कूळ बंदूक उचलते, पण गोळी घालायची कोणाला? पोरगा म्हणतो, हुकूम बँकेचा. बँकेच्या अध्यक्षाला वरून हुकूम येतो. वरचा आणखी वर बोट दाखवतो. शेवटी जबाबदार असा कोणी माणूसच हाती लागत नाही. अन्याय करणारी यंत्रणा इतकी लांब पसरली आहे की तिला तोंड उरलेले नाही. 'देशोधडीला लावले' हे वाक्य पुन्हा 'देशोधडीला लागले' असे कसे होते, त्याचे याहून स्पष्ट चित्र क्वचितच सापडेल.

पुढचा प्रवास मृत्यूंनी भरलेला आहे. आजोबा पहिल्याच मुक्कामी जातात. सरकारी रीतीने अंत्यविधी करायला पैसे नाहीत, म्हणून त्यांना रस्त्याकडेला पुरतात आणि हा खून नव्हे हे कळावे यासाठी नावाची चिठ्ठी एका बरणीत घालून प्रेताबरोबर ठेवतात. आजी वाळवंट ओलांडताना मरते; तपासणी नाक्यावर गाडी अडकू नये म्हणून आई ती आजारी असल्याचे सांगते आणि रात्रभर प्रेताला बिलगून पडून राहते. दुःखालाही वेळ मिळू नये, हा विस्थापनाचा एक भाग असतो, तो येथे दिसतो.

कॅलिफोर्नियात पोहोचल्यावर कळते की ज्या छापील पत्रकांवर विश्वास ठेवून घर सोडले, ती पत्रकेच एक सापळा होती. आठशे मजूर हवे असताना पाच हजार पत्रके छापायची, म्हणजे त्याच्या कित्येक पट उपाशी माणसे दारात येतात आणि मजुरी आपोआप खाली जाते. पीच तोडण्याचा दर पेटीला पाच सेंट असतो. तो अडीच सेंटवर आणल्यावर मजूर संप करतात. तेव्हा जोड कुटुंबाला पोलीस बंदोबस्तात आत नेऊन पाच सेंट दिले जातात, कारण संप मोडायचा असतो. संप मोडला की दर पुन्हा अडीच. संपाचा पुढारी जिम केसी हा पूर्वीचा धर्मोपदेशक. त्याचा डोक्यात घाव घालून खून होतो. त्याच सुमारास दर टिकावेत म्हणून संत्र्यांच्या ढिगांवर रॉकेल ओतले जाते. स्थानिक लोकांना या आगंतुकांची भीती वाटते, त्यांना 'ओकी' ही शिवी दिली जाते. भीती पसरवणारे आणि स्वस्त मजुरीचा लाभ घेणारे हात एकच असतात. कादंबरी प्रसिद्ध झाली त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील कर्न परगण्याच्या लोकनियुक्त मंडळाने तिला आपल्या शाळांतून आणि ग्रंथालयांतून बंदी केली. घाव वर्मी लागला होता याची ती पावतीच होय.

या अंधारात एक जागा उजळ आहे : सरकारी छावणी. तेथे नळ आहेत, संडास आहेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे छावणीचा कारभार राहणाऱ्यांनी निवडलेल्या समित्या पाहतात. वॉरंटाशिवाय पोलिसांना आत येता येत नाही. जमीनदारांची माणसे नाचाच्या कार्यक्रमात दंगल घडवून पोलिसांना आत आणण्याचा डाव टाकतात, तेव्हा समितीची माणसे एकालाही न मारता तो डाव उधळतात. हे चित्र केवळ कल्पनेतले नव्हते. आर्विन येथील अशा छावणीचा व्यवस्थापक टॉम कॉलिन्स याच्या नोंदींचा स्टाइनबेकला उपयोग झाला, आणि ज्या दोघांना ही कादंबरी अर्पण केली आहे त्यांपैकी एक तो आहे. भुकेल्याला भाकरी देणे ही दया झाली. त्याला समितीत मत देणे ही लोकशाही झाली. आईला आपण पुन्हा माणसांत आलो असे वाटते ते येथेच.

जोड कुटुंबाकडे जमीन उरली नव्हती, पण एक गोष्ट उरली होती : नागरिकत्व. १९३६ साली लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाने आपले पोलीस राज्याच्या सीमेवर पाठवून गरीब दिसणाऱ्यांना परतवून लावण्याचा प्रयत्न केला होता. निर्धन माणसाला राज्यात आणणे हा कॅलिफोर्नियात कायद्याने गुन्हाच होता. परंतु १९४१ साली 'एडवर्ड्‌स विरुद्ध कॅलिफोर्निया' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. बहुमताचा निर्णय राज्याराज्यांतील व्यापारविषयक तरतुदीवर आधारलेला होता. काही न्यायमूर्तींनी स्वतंत्रपणे असेही म्हटले की देशात कोठेही जाण्याचा हक्क नागरिकत्वातच अंतर्भूत आहे. जोडांना शिवी देता येत होती, उपाशी ठेवता येत होते. त्यांना देशाबाहेर मात्र घालवता येत नव्हते.

हा फरक किती मोठा आहे ते त्याच काळातल्या दुसऱ्या मजुरांकडे पाहिले की कळते. जोड येण्यापूर्वी कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत मेक्सिकन आणि फिलिपिनो मजूर राबत होते. मंदीच्या त्या दशकात लाखो मेक्सिकन वंशाच्या लोकांना 'परत' पाठवण्यात आले. त्यांत अमेरिकेत जन्मलेले, म्हणजे कायद्याने अमेरिकी नागरिक असलेलेही पुष्कळ होते. स्टाइनबेकची कादंबरी त्यांच्याकडे ओझरते पाहते. जोडांच्या पूर्वजांनी ती जमीन तेथल्या मूळ रहिवाशांना मारून, हुसकावून घेतली होती, एवढा उल्लेख मात्र तो कुळांच्याच तोंडी घालतो. आज हुसकावला गेलेला काल हुसकावणारा असू शकतो, हे सत्य त्या उल्लेखात आहे. थोर साहित्यकृतीचा आदर करताना तिच्या नजरेच्या कडेला कोण राहून गेले, हेही विचारले पाहिजे.

ज्याच्याकडे नागरिकत्वही उरलेले नाही, त्याचे काय होते? याचे उत्तर दुसऱ्या कादंबरीत आहे. आना सेगर्स ही ज्यू घराण्यात जन्मलेली जर्मन साम्यवादी लेखिका. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर ती फ्रान्सला पळाली आणि १९४१ मध्ये मार्सेय बंदरातून बोटीने निघून अखेर मेक्सिकोला पोहोचली. 'ट्रान्झिट' ही तिची कादंबरी १९४४ साली प्रथम भाषांतररूपाने बाहेर आली. तिचा निवेदक छळछावणीतून निसटलेला तरुण कामगार आहे. पॅरिसमध्ये आत्महत्या केलेल्या वायडेल नावाच्या लेखकाचे कागद त्याच्या हाती येतात आणि मार्सेयमधले अधिकारी त्यालाच वायडेल समजू लागतात.

या कादंबरीत ट्रॅक्टर नाही, वादळ नाही. आहेत त्या रांगा. देश सोडण्यासाठी निर्गमन परवाना लागतो. तो मिळायला बोटीचे तिकीट लागते. तिकिटाला पोहोचण्याच्या देशाचा व्हिसा लागतो, आणि वाटेतल्या देशांतून जाण्यासाठी वेगळा व्हिसा. एक हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपते. सर्वांत भयानक विनोद असा की मार्सेयमध्ये राहू द्यायचे तर येथे राहण्याची इच्छा नाही, आपण निघण्याच्याच तयारीत आहोत, हे सिद्ध करावे लागते. जिवंत माणसाच्या शब्दाला किंमत नाही, आणि मेलेल्या माणसाच्या व्हिशाला आहे. जोडांच्या आजोबांना बरणीतल्या चिठ्ठीने निदान मरणोत्तर ओळख दिली. येथे जिवंतपणीच ओळख चिठ्ठीच्या अधीन झाली.

मित्रहो, या दोन कादंबऱ्यांतली माणसे वेगवेगळी होती. आजचे वैशिष्ट्य असे की जोडांची भूक आणि वायडेलचे कागद एकाच माणसाच्या वाट्याला आले आहेत.

दक्षिण इटलीतील फोज्जा परिसरात टोमॅटोचे पीक काढणारे मजूर हे त्याचे उदाहरण. आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आलेली ही माणसे पत्र्याच्या आणि प्लॅस्टिकच्या झोपड्यांत राहतात. त्यांना शेतावर नेणारा, मजुरीतून आपला वाटा कापणारा दलाल तेथे 'कापोराले' म्हणून ओळखला जातो. आपल्याकडचा मुकादम म्हटले तरी चालेल. २०१० च्या जानेवारीत कालाब्रियातील रोझार्नो या गावी संत्री तोडणाऱ्या आफ्रिकी मजुरांवर छऱ्याच्या बंदुकीने गोळीबार झाला. मजूर संतापाने रस्त्यावर आले, त्यांच्यावर गावकऱ्यांनी हल्ले केले आणि अखेर हजाराहून अधिक मजुरांना तेथून हलवण्यात आले. २०१६ मध्ये इटलीने या दलालीविरुद्ध कडक कायदा केला. तरीही ऑगस्ट २०१८ मध्ये फोज्जाजवळ तीन दिवसांच्या आत झालेल्या दोन अपघातांत शेतावरून परतणारे सोळा मजूर ठार झाले. ते गाड्यांत कोंबलेले होते. हे वाचताना स्टाइनबेकच्या पानांची आठवण होणे अपरिहार्य आहे. फरक एवढाच की यांतला ज्याच्याकडे परवाना नाही तो तक्रार करायला गेला, तर मालकाआधी त्याच्यावरच कारवाई होण्याची भीती असते.

लेबनॉनमधील बेका खोऱ्यातही हेच दिसते. २०११ नंतर युद्धामुळे पळून आलेल्या सीरियन कुटुंबांसाठी तेथील सरकारने अधिकृत छावण्या उभारल्या नाहीत. कुटुंबांनी शेतमालकांच्या जमिनीवर भाड्याने तंबू ठोकले आणि 'शावीश' नावाच्या मध्यस्थामार्फत बायका-मुले शेतांवर राबू लागली. यांतली काही माणसे युद्धाआधीच उठलेली होती. २००६ ते २०१० या काळात ईशान्य सीरियात भीषण दुष्काळ पडला आणि लाखो शेतकरी व शेतमजूर शहरांच्या कडेला येऊन राहिले. दुष्काळानेच युद्ध घडवले असे म्हणणे राज्यकर्त्यांचे पाप झाकणे होईल. तरीही प्रश्न उरतो : दुष्काळाने उठलेला तो शेतकरी निर्वासित नव्हता, आणि बॉम्बने उठल्यावर तोच निर्वासित झाला, हे कोणी ठरवले?

ते १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराने ठरवले. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची साधार भीती आणि त्यामुळे देशाबाहेर असणे, ही त्याची व्याख्या आहे. सेगर्सच्या पिढीने भोगलेल्या यातनांतून तो करार जन्मला, आणि त्याने असंख्य जीव वाचवले आहेत. परंतु त्या व्याख्येत वायडेल बसतो, जोड बसत नाहीत. भूक हा छळ मानला जात नाही. सावकार, बँक, धरण किंवा समुद्राचे चढते पाणी यांनी हुसकावलेल्याला त्या दारावर नाव नाही.

ज्याला देशोधडीला लावायचे त्याच्या हातातला कागद आधी काढून घ्यावा, ही युक्ती मात्र राज्यकर्ते चांगली शिकले आहेत. म्यानमारच्या १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने रोहिंग्यांना व्यवहारतः देशहीन करून टाकले. २०१७ च्या ऑगस्टपासून लष्कराच्या अत्याचारांमुळे सात लाखांहून अधिक माणसे बांगलादेशात पळाली, तेव्हा मधल्या पस्तीस वर्षांत जमीन तयार झालेली होती. गावे नंतर जळाली. नावे आधी खोडली गेली.

भारताने १९५१ च्या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा सर्वंकष कायदाही येथे नाही. तरीही या भूमीने एक महत्त्वाचा धडा दिला आहे. त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानात कर्णफुली नदीवर काप्ताई येथे धरण बांधले गेले आणि साठच्या दशकाच्या आरंभी सुमारे एक लाख लोकांच्या घरादारावर आणि शेतीवर पाणी आले. त्यांत चकमा लोक बहुसंख्य होते. धरण आणि धार्मिक छळ या दोहोंना कंटाळून १९६४ पासून त्यांच्यापैकी हजारो भारतात आले आणि आजच्या अरुणाचल प्रदेशात त्यांना वसवण्यात आले. म्हणजे हे जोडही होते आणि वायडेलही. नव्वदच्या दशकात तेथे त्यांना निघून जाण्याच्या धमक्या मिळू लागल्या, तेव्हा राष्ट्रीय मानवाधिकार आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९६ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की जीविताचे संरक्षण नागरिकालाच नव्हे, तर प्रत्येक मनुष्याला आहे आणि ते देणे हे राज्याचे कर्तव्य आहे. घटनेच्या एकविसाव्या कलमात 'नागरिक' हा शब्द नाही, 'व्यक्ती' हा शब्द आहे. हा एक शब्द कागद आणि माणूस यांच्या मधोमध उभा आहे. त्याच वेळी हेही विसरता येत नाही की अरुणाचलातील आदिवासींची आपल्या जमिनीविषयीची धास्ती सर्वस्वी खोटी नव्हती. एका गरिबाचे पुनर्वसन दुसऱ्या गरिबाच्या अंगणात करून राज्यसंस्था स्वतः नामानिराळी राहते, आणि मग दोघांतले भांडण हीच बातमी होते.

महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्याला यातले पुष्कळ ओळखीचे वाटेल. बीडच्या वा अहिल्यानगरच्या दुष्काळी पट्ट्यातून उचल घेऊन, मुकादमामागे, पाठीवर बिऱ्हाड टाकून ऊसतोडीला जाणारी आणि हिशेबात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' ठरणारी जोडपी ही जोडांची सख्खी भावंडे आहेत. त्यांच्यापाशी नागरिकत्व आहे, मत आहे. पण कागदाचा भरवसा धरून निश्चिंत राहावे अशी स्थिती नाही. आसामात ऑगस्ट २०१९ मध्ये नागरिक नोंदणीची अंतिम यादी लागली, तेव्हा एकोणीस लाखांहून अधिक माणसे तिच्याबाहेर राहिली. पुरात घर वाहून गेलेल्याने, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या निरक्षर बाईने वडिलांच्या काळचा दाखला कोठून आणावा? जमीन नसलेल्याकडेच कागद नसतात. जोडांचा वायडेल होण्यास एक रांग पुरते.

मग करायचे काय? सीमा एका दिवसात पुसल्या जातील असे स्वप्न दाखवणे सोपे आहे, आणि बाहेरचा आला म्हणून मजुरी पडली असे म्हणणे त्याहून सोपे. दुसऱ्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे, म्हणून ते धोक्याचे आहे. मजुरी खरोखरच पडते. पण ती बाहेरच्याच्या येण्याने जेवढी पडते, त्याहून अधिक त्याच्या असहायतेने पडते. ज्याला तक्रार करता येत नाही, त्याला कमी दरात राबवता येते. त्याला हक्क मिळाले की स्थानिक मजुराविरुद्ध वापरण्याचे हत्यार मालकाच्या हातून गळून पडते. म्हणजे निर्वासिताला संरक्षण देणे हे स्थानिक मजुरावर लादलेले दानधर्माचे ओझे नव्हे. त्याच्याच मजुरीचे ते कुंपण आहे.

हे पुस्तकी बोलणे नाही. जोड कुटुंब ज्या काळी घराबाहेर पडले, त्याच काळात, १९३४ साली, शेजारच्या आर्कान्सा राज्यातील टायरोंझा येथे समाजवादी कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने दक्षिणेतल्या कुळांची संघटना स्थापन झाली. काळे आणि गोरे यांना एका बाकावर बसण्याची चोरी होती अशा प्रदेशात तिने दोघांना एका सभासद-यादीत आणले. तिच्या सभा उधळल्या गेल्या, माणसे मारली गेली. ती सर्वत्र जिंकली असे नाही. पण मालकांना तिची जी धास्ती वाटली, ती दोघे एकत्र बसल्याची होती.

साहित्याने यात आपला वाटा उचलला आहे. त्याने लोंढ्यातून एकेक चेहरा वेगळा काढून दाखवला आणि 'लागले'च्या जागी 'लावले' म्हणायला शिकवले. 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' संपते तेव्हा मृत मूल जन्माला घातलेली टॉमची तरुण बहीण भुकेने मरणाऱ्या एका अनोळखी माणसाला आपले दूध पाजते. तो कोण, कोठला, हे तिने विचारलेले नाही. ही माणुसकी थोर आहे. पण समाजाने सारा भार अशा एका बाईच्या अंगावर टाकून मोकळे होऊ नये. आपल्या गावच्या वीटभट्टीवर, फडावर, बांधकामावर परप्रांतातून वा परदेशातून आलेली जी माणसे आहेत, त्यांची नावे युनियनच्या वहीत आहेत की केवळ मुकादमाच्या, हे कार्यकर्त्याने जाऊन पाहावे. पुढच्या कामाला तेथूनच सुरुवात होते.